पिग्मी एजंटच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट करायचाय, कुठली ओपन सोर्स लायब्ररी धरू?

नारायणपेठी_कोडर:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा. आम्ही तिघं मिळून नारायण पेठेत छोटं सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यातलं मुख्य म्हणजे एका पतसंस्थेचं पिग्मी कलेक्शनचं अॅप. एजंट सकाळी मंडई, मग लक्ष्मी रोड, रविवार पेठ असं दुकान-दुकान फिरतो, ५०, १००, २०० जे काय असेल ते घेतो, फोनमध्ये एंट्री मारतो, छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढून देतो. काही दुकानं तळघरात आहेत तिथे रेंजच नसते म्हणून सगळं आधी फोनमधल्या एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये साठतं आणि संध्याकाळी शाखेत आल्यावर सिंक होतं.

मागच्या महिन्यात एका एजंट काकांचा फोन स्वारगेट-कात्रज बसमध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी डेपोत मिळाला, कंडक्टरने जपून जमा केला होता, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण मधल्या रात्री संस्थेच्या मॅनेजर मॅडमनी एकच विचारलं, "ज्याच्या हातात फोन पडलाय त्याला आतलं काय काय वाचता येईल?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसून बघितलं तर काकांच्या फोनला स्क्रीनलॉक नव्हता आणि आमचंच अॅप रोज रात्री डेटाबेसची एक कॉपी मेमरी कार्डवर टाकतं, म्हणजे कार्ड काढून लॅपटॉपला लावलं की संपलं. नाव, मोबाईल नंबर, खाते नंबर सरळ वाचता येतायत. फक्त रक्कम एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, आहे, ती पण आधीच्या डेव्हलपरने जावाच्या सायफर क्लासला नुसतं एईएस (एन्क्रिप्शनची प्रमाण पद्धत) एवढंच सांगून केलीय आणि किल्ली कोडमध्येच स्ट्रिंग म्हणून लिहिलेली. आणि आता खरी भीती वाटायला लावणारी गोष्ट, त्या कॉलममध्ये मला तेच तेच तीन-चार तुकडे परत परत दिसतायत, म्हणजे जो सगळ्यात जास्त वेळा येतो तो १०० रुपये हे मला किल्ली न बघताच कळलं!!

हे सगळं उपटून नीट करायचंय. ओपनएसएसएल, लिबसोडियम, बाउन्सी कॅसल, एसक्यूएलसायफर अशी एन्क्रिप्शनच्या तयार लायब्ररींची नावं वाचली, कुठलं घेऊ? आणि संचालक मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न आहे की ज्याचा कोड जगाला दिसतो ते सुरक्षित कसं, त्यांना काय सांगू? प्रश्न चांगल्या मनाने विचारलाय त्यांनी, ठेवीदारांचे पैसे आहेत.

कोथरूड_डेपो:
आधी रकमेचं सांगतो. नुसतं एईएस लिहिलं की जावा तिथे ईसीबी मोड धरतं. त्यात सारखा मजकूर सारख्याच तुकड्यात बदलतो, म्हणून तुम्हाला १०० रुपये दिसले. २०१३ मध्ये अडोबीचा डेटा बाहेर आला तेव्हा पासवर्ड हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) करण्याऐवजी ट्रिपल डीईएस ह्या जुन्या पद्धतीने ह्याच ईसीबी मोडमध्ये ठेवलेले निघाले, लोकांनी सारखे तुकडे मोजले, शेजारी ठेवलेल्या पासवर्ड हिंट वाचल्या आणि पासवर्ड ओळखले, किल्ली कोणाला लागलीच नाही. म्हणजे एईएस मजबूत असूनही वापरायची पद्धत चुकली की उपयोग शून्य.

तुमच्या केसला माझं उत्तर सरळ एसक्यूएलसायफर. एकेक कॉलम हाताने एन्क्रिप्ट करत बसू नका, चुका तिथेच होतात. हे एसक्यूलाइटच आहे, फक्त डिस्कवर जाणारं प्रत्येक पान २५६ बिट एईएसने एन्क्रिप्ट होऊन जातं, चौथ्या व्हर्जनपासून पान ४०९६ बाइटचं, प्रत्येक पानाला वेगळा रँडम आयव्ही (सुरुवातीचा आकडा, त्यामुळे सारखा मजकूर सारखा दिसत नाही) आणि सोबत एचमॅक (किल्लीने केलेला शिक्का), त्यामुळे कोणी मधले बाइट बदलले तरी पकडलं जातं. तुमच्या क्वेरी आहेत तशाच चालतात, रूम (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) वापरत असाल तर ओपन हेल्पर फॅक्टरी बदलायची बस. सिग्नल हे मेसेजिंग अॅप त्यांचे मेसेज फोनवर ह्याच्यातच ठेवतं. झेटेटिक नावाची कंपनी सांभाळते, कम्युनिटी एडिशनचं लायसन्स बीएसडी छापाचं आहे, अॅपमध्ये कुठेतरी त्यांची कॉपीराइट नोटीस दाखवायची, तुमचा कोड उघडा करायची सक्ती नाही.

आता सभासद काकांसाठी. कुलूप कसं बनतं ते गावातल्या प्रत्येक लोहाराला माहीत असतं, तरी आपण तिजोरीला कुलूप लावतोच ना, कारण किल्ली आपल्या कमरेला असते. हेच ऑगस्ट केर्कहॉफ्स ह्या सांकेतिक लिपीच्या जाणकारांनी १८८३ सालीच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चालेल अशीच ती हवी, गुप्त फक्त किल्ली. एईएस सुद्धा उघड स्पर्धेतून निवडलं गेलंय, दोन बेल्जियन लोकांचं डिझाइन, जगभरच्या लोकांनी ते फोडायचा प्रयत्न केला आणि मग २००१ मध्ये अमेरिकेने स्टँडर्ड म्हणून जाहीर केलं. लपवून ठेवलेला कोड म्हणजे फक्त कोणी तपासलेला नाही असा कोड, तुमच्या जुन्या डेव्हलपरचा कोड पण लपवलेलाच होता की.

हडपसर_नाईटशिफ्ट:
वरचं सगळं बरोबर पण मुद्द्याची गोष्ट राहिली, किल्ली कुठे ठेवणार? मी अशी बरीच अॅप तपासलीयत जिथे एसक्यूएलसायफर नीट लावलंय आणि पासवर्ड कोडमध्ये लिहून ठेवलाय. एपीके (अॅपची फाइल) जॅडएक्स ह्या कोड उलगडणाऱ्या टूलमध्ये टाकलं की दोन मिनिटात तो समोर येतो आणि मग सगळ्या एजंटांचे सगळे फोन एकाच किल्लीने उघडतात. लायब्ररी तुम्हाला आल्गोरिदम चुकू देणार नाही पण किल्लीची काळजी ती घेत नाही, ते काम तुमचंच.

दुसरी चूक म्हणजे एजंटचा चार आकडी पिनच पासवर्ड म्हणून देणं. एसक्यूएलसायफर पासवर्डपासून किल्ली बनवताना पीबीकेडीएफ२ ह्या मुद्दाम वेळ लावणाऱ्या पद्धतीच्या २,५६,००० फेऱ्या मारतं, चांगलंय, पण चार आकडी पिन म्हणजे एकूण १०,००० शक्यता, फाइल हातात असलेला माणूस त्या सगळ्या आरामात करून बघेल.

मी कसं करतो सांगतो. पहिल्यांदा अॅप चालू होताना ३२ बाइटची रँडम किल्ली बनवायची, सिक्युअररँडम वापरून, साधा रँडम क्लास अजिबात नाही. हीच डेटाबेसची किल्ली, आणि ती रॉ की (पासवर्ड नाही, थेट किल्ली) म्हणून दिली की त्या फेऱ्या मारायची गरज नाही, अॅप पटकन उघडतं. मग अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये (फोनमधली किल्ल्या ठेवायची जागा) एक एईएस किल्ली तयार करायची, अँड्रॉइड ६ पासून हे चालतं, आणि तिने डेटाबेसची किल्ली जीसीएम मोडमध्ये गुंडाळून (म्हणजे एन्क्रिप्ट करून) तो तुकडा अॅपच्या खाजगी फोल्डरमध्ये ठेवायचा. कीस्टोअरची किल्ली बहुतेक फोनमध्ये हार्डवेअरच्या सुरक्षित भागात असते, अॅपला पण ती वाचता येत नाही, फक्त तिच्याकडून काम करून घेता येतं. म्हणजे फाइल कॉपी करून नेली तरी तो फोन सोडून दुसरीकडे उघडणार नाही.

पण ह्याची दुसरी बाजू आधीच मॅनेजर मॅडमना सांगून ठेवा. फोन बिघडला किंवा रीसेट मारला की किल्ली गेली, सिंक न झालेल्या एंट्र्या परत येत नाहीत. आणि कीस्टोअरच्या किल्लीला युजर ऑथेंटिकेशनची (स्क्रीनलॉक उघडल्यावरच चालायची) अट घातलीत तर एजंटने स्क्रीनलॉक काढून टाकला की ती किल्ली कायमची बाद होते. म्हणून रेंज आली की लगेच सिंक, संध्याकाळची वाट बघायची नाही. मेमरी कार्डवरची कॉपी तर आजच बंद करा, बाकी सगळं नंतर.

सिंहगडरोड_७८:
मी ओपन सोर्सच्याच बाजूचा आहे, गेली कित्येक वर्षं ओपनएसएसएलवर पोट चालतंय माझं. तरी "कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे कोणीतरी तपासलाच असेल" हे वाक्य सभासद काकांना सांगू नका, ते खरं नाही. हार्टब्लीड नावाची गाजलेली चूक ओपनएसएसएल (इंटरनेटवरची वाहतूक एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) १.०.१ मध्ये मार्च २०१२ ला जगभर गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आली. दोन वर्षं! एका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर, त्यात पासवर्ड, सेशन, कधी खाजगी किल्ली सुद्धा. कारण काय तर समोरच्याने सांगितलेली लांबी तपासलीच नव्हती. अर्ध्या इंटरनेटचा भार ज्याच्यावर, ते सांभाळायला मोजकी माणसं होती, हे त्यानंतर लोकांच्या लक्षात आलं, मग कुठे लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांकडून पैसे उभे केले, त्याच वर्षी ओपनबीएसडीवाल्यांनी लिबरएसएसएल वेगळं काढलं, गूगलने बोरिंगएसएसएल.

त्याआधीचं डेबियनचं (लिनक्सची एक आवृत्ती) प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. २००६ मध्ये एका टूलच्या वॉर्निंग येतात म्हणून डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधल्या ओळी काढल्या गेल्या आणि त्याबरोबर रँडमपणाच गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइजच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८. मे २००८ पर्यंत लोक अशा किल्ल्या बनवत होते. मूळ लायब्ररीत दोष नव्हता, वापरणाऱ्याने हात घातला आणि झालं. म्हणून लायब्ररीचा सोर्स घेऊन त्यात "आपल्यापुरता" बदल कधीच करू नका.

आणि व्हर्जन. माझ्या एका जुन्या क्लायंटकडे ओपनएसएसएल १.१.१ अजून तसंच आहे, त्याचा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, मी मेल करून करून थकलो आणि "चालतंय ना" एवढंच उत्तर येतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुमचं एसक्यूएलसायफर आतून ओपनएसएसएलसारख्या दुसऱ्या क्रिप्टो लायब्ररीवर चालतं हे विसरू नका, म्हणजे अॅपबरोबर ते पण एजंटच्या फोनमध्ये जातं आणि ते अपडेट करायची जबाबदारी तुमची, फोनच्या सिस्टिम अपडेटने ते बदलत नाही. पतसंस्थेबरोबरच्या वार्षिक करारात हे काम लिहून घ्या आणि त्याचे पैसे घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे, हे सांगितलं की संचालक ऐकतात.

नारायणपेठी_कोडर:
खूप खूप आभार सगळ्यांचे, मेमरी कार्डची कॉपी त्याच रात्री बंद केली. ह्यातून एक उपप्रश्न, शाखेतल्या कॉम्प्युटरवरचा रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन शिपाई मुख्य कार्यालयात नेतो, तो पण उघडाच आहे. तिथे किल्ली कुठे ठेवू, शाखेत कीस्टोअर वगैरे काही नाही आणि तो कॉम्प्युटर चार जण वापरतात.

बाणेर_बॅकएंड:
इथे लिबसोडियम घ्या. डॅनियल बर्नस्टाइन आणि मंडळींच्या एनएसीएल (उच्चार सॉल्ट) लायब्ररीवरून ते निघालंय, आयएससी लायसन्स, कमी फंक्शन, मोड निवडायला लावतच नाही त्यामुळे ईसीबीसारखा घोळ व्हायला जागा नाही. त्यात सील्ड बॉक्स म्हणून प्रकार आहे तो तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. मुख्य कार्यालयात किल्ल्यांची जोडी बनवा, पब्लिक (फक्त कुलूप लावणारी) शाखेत, खाजगी (उघडणारी) मॅनेजर मॅडमच्या तिजोरीत. शाखेतला कॉम्प्युटर बॅकअप कुलूपबंद करू शकतो पण स्वतः उघडू शकत नाही, दानपेटीसारखं, टाकता येतं काढता येत नाही. मोठी फाइल असेल तर त्यातल्याच सीक्रेटस्ट्रीमने तुकड्या-तुकड्याने एन्क्रिप्ट करा आणि त्याची रँडम किल्ली तेवढी सील करा. खाजगी किल्लीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा नाहीतर एक दिवस सगळे बॅकअप असून नसल्यासारखे होतील. आणि महिन्यातून एकदा खरंच उघडून बघा.

नारायणपेठी_कोडर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. एसक्यूएलसायफर लागलं, रँडम किल्ली कीस्टोअरमध्ये गुंडाळून, हडपसरकरांनी सांगितलं तसंच. जुना डेटा एक्सपोर्ट फंक्शनने नव्या फाइलमध्ये हलवला. आधी फाइल उघडली की सुरुवातीलाच एसक्यूलाइट फॉरमॅट ३ असं लिहिलेलं दिसायचं, आता पहिले १६ बाइट सॉल्टचे (किल्ली बनवताना मिसळायचा रँडम आकडा) आणि पुढे नुसता कचरा, रकमेचे तुकडे मोजायला काही उरलंच नाही. मॅडमना शेजारी बसवून दोन्ही फाइल दाखवल्या, सभासद काका पण होते, त्यांना कुलूपवाली गोष्ट लगेच पटली. दोन एजंटांचे फोन अँड्रॉइड ५ वाले निघाले, संस्था त्यांना नवे घेऊन देतेय. काकांनी स्क्रीनलॉक लावलाय.

कोथरूड_डेपो:
भारी काम. एकच विचारतो, जुनी उघडी फाइल डिलीट केलीत तेव्हा तिच्या शेजारची वॅल आणि जर्नल (डेटाबेसच्या तात्पुरत्या नोंदींची) फाइल पण काढलीत ना? त्यात शेवटच्या एंट्र्या उघड्या राहतात. आणि मेमरी कार्डवरच्या जुन्या कॉप्या?

नारायणपेठी_कोडर:
कार्डं आम्ही गोळा करून घेतली होती. वॅल फाइल आत्ता बघितली, चार फोनवर तशीच पडलीय. उद्या सकाळी एजंट मंडईत जायच्या आत शाखेत जाऊन काढतो.