शाळेचं नाटक बसवताना: ठाणे-नवी मुंबईतले कामाचे अनुभव

आठवी ते दहावीच्या मुलांचं नाटक बसवणाऱ्यांनी लिहा. 'मुलं घडतात' वगैरे सगळ्यांना पाठ आहे. नेमकं अडतं कुठे ते सांगा.

मराठी शिक्षिका, नौपाडा
स्नेहसंमेलन डिसेंबरात, म्हणून संहिता ऑगस्टमध्ये ठरायला हवी. नाहीतर गणपती, सहामाही आणि दिवाळीच्या सुट्टीत तालमी विरून जातात. मोठ्या भूमिका आठवी-नववीला द्या. पूर्वपरीक्षा जवळ आली की दहावीचे पालक मुलांना पाठवत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. २० मिनिटांच्या एकांकिकेला १८०० ते २००० शब्द पुरे. त्यापुढे मुलं वाक्यं पळवतात.

हौशी दिग्दर्शक, वाशी
पाठांतर पुरं झाल्यावर हालचाली द्यायच्या, हा शाळांचा आवडता घोळ. मग मूल बोलताना थिजतं आणि चालताना वाक्य विसरतं. दोन-तीन वाचनं झाली की वही हातात देऊन उभं करा. प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनला असेल, तर तिथल्या मंचाचं माप आणून शाळेच्या फरशीवर खडूने आखा. नाहीतर ऐनवेळी विंगेपर्यंतची पावलं वाढतात आणि प्रत्येक एक्झिटला भोक पडतं.

आवाजासाठी 'ओरड' म्हणू नका. वाक्याचा शेवट गिळू नको म्हणा. आपलं क्रियापद शेवटी येतं. तेच गेलं तर 'मी तिथे' एवढंच मागच्या रांगेला पोचतं, गेलो की नाही गेलो ते राहतंच.

ध्वनी-प्रकाशवाला, कोपरखैरणे
टांगलेल्या माइकमधून मुलांआधी पंखे ऐकू येतात. प्रयोगापुरते मंचावरचे बंद ठेवा. स्पीकर माइकच्या मागे असले की शिट्टी येणारच, ते मंचाच्या कडेपुढे हवेत.

दिव्यांचं जास्त जपा. १००० वॅटचा पार (मंचावरचा डब्यासारखा झोतदिवा) २३० व्होल्टवर साधारण ४.३ ॲम्पिअर ओढतो. म्हणजे ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर एक, १६ च्या सॉकेटवर तीन. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार लावले तर ब्रेकर पडतो, तोही नशीब असेल तर. नाहीतर वायर वितळते. एलईडी पार भाड्याने घेताना वॉर्म व्हाइट मागा, गार पांढऱ्यात चेहरे आजारी दिसतात.

नेपथ्य, कळवा
८ बाय ४ फुटांचा प्लायचा फ्लॅट (देखाव्याची उभी भिंत) मुलांना पेलत नाही. २ बाय १ इंच पट्टीची चौकट, वर ताणलेला मांजरपाट, सरसाचा हात, मग रंग. पावसाळ्यात सरस नीट वाळत नाही आणि वरचा रंग सोलतो, तेव्हा हे काम ऑक्टोबरात काढा. मागे तिरका टेकू, टेकूवर वाळूची पिशवी.

शिक्षिकाताईंना जोड
लेखकाच्या परवानगीचं राहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे: कलाकार शाळेचेच विद्यार्थी-शिक्षक आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक, शाळेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. तिकीट लावलं किंवा नाटक स्पर्धेत नेलं की लेखी परवानगी घ्या. पत्रात नाटकाचं नाव, तारीख, स्थळ हवं. फोनवरचा होकार ऐनवेळी दाखवता येत नाही.