बाहेरून येणारे सर्जन सीमाभागाला मागे काय ठेवून जातात?

खानापूरवाला :
अधूनमधून बॅनर दिसतात : 'दुभंगलेल्या ओठावर मोफत शस्त्रक्रिया, बाहेरून तज्ज्ञ सर्जन येणार.' जांबोटी-कणकुंबीकडची माणसं पोरं उचलून बेळगाव गाठतात. आठवड्याभरात टीम परत जाते. डॉक्टरांच्या हेतूवर मला शंका नाही, पण जी टीम इथल्या माणसांना शिकवून जात नाही, तिला परवानगीच देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ओठ शिवला म्हणजे काम झालं असं नाही. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांनंतर, तोंडातली टाळूही दुभंगली असेल तर तिची ९ ते १८ महिन्यांच्या आसपास, पुढे वाचा-उपचार, आणि आठ-दहा वर्षांचं पोर झालं की गरजेप्रमाणे हिरडीत हाड भरणं. टाळूला भोक राहिलं तर दाखवायचं कुणाला?

आशाताई, निपाणी भाग :
दादा, 'परवानगीच देऊ नये' हे त्या आईसमोर बसून म्हणून बघा. धारवाडला एस.डी.एम. रुग्णालयात या कामाचा मोठा विभाग आहे, हे मलाही ठाऊक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून असली बाळं शोधून पुढं पाठवतात, तेही खरं. पण बिड्या वळणाऱ्या बाईची खेपेगणिक मजुरी बुडते, आणि नवरा म्हणतो, पोरगं जगतंय ना, मग राहू दे.

आणखी एक. सासू म्हणते, ग्रहणात विळीला हात लावलास म्हणून असं झालं. मी शंभरदा समजावलं तरी तिला पटत नाही. शिबिरात तसल्याच बाळांना घेतलेल्या दुसऱ्या आया भेटल्या की त्या सुनेची मान वर होते. हे कुठल्या हिशोबात धरणार?

मिरज रोड :
ताईंशी सहमत. मिशनरी डॉक्टर वानलेस बाहेरूनच आले होते की! १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. आजही निपाणी-चिकोडीची माणसं मिरजेची वाट धरतात, त्याचं मूळ तिथं आहे. बाहेरच्यांना दार बंद करणं चूक.

खानापूरवाला :
वानलेस राहिले हो! दशकानुदशकं राहिले, इथली माणसं शिकवली. माझा मुद्दा तोच आहे.

ओटी सिस्टर :
शिकवणं म्हणजे नेमकं काय, हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. पाहुणे ऑपरेशन करतात, आम्ही कडेला उभं राहून बघतो आणि शेवटी प्रमाणपत्र हातात पडतं, याला मी शिकणं म्हणत नाही. इथल्या सर्जनने सुरी धरावी, पाहुण्याने समोर मदतनीस म्हणून उभं राहावं, आणि तीच टीम त्याच रुग्णालयात पुन्हा यावी. भूल देणाऱ्याचं शिक्षण तर सगळ्यात आधी, कारण तान्ह्या बाळाची श्वासाची वाट सांभाळणं हे टाक्यांपेक्षा अवघड काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी पाहुणे गेल्यावरही रोज मोठ्याने वाचली गेली पाहिजे. घाईच्या शिबिरात काय होतं ते छत्तीसगडच्या बिलासपूरने २०१४ मध्ये दाखवलंय. नसबंदीच्या शिबिरानंतर डझनाहून जास्त बायका दगावल्या.

आणि शस्त्रक्रियेआधीचं काय? टाळू दुभंगलेलं बाळ ओढू शकत नाही, दूध नाकातून येतं. त्याला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याने किंवा चमच्याने थोडं थोडं, गालाच्या बाजूने पाजायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायची. वजन भरलं नाही तर शस्त्रक्रियाच पुढे ढकलतात. हे आशाताईंना शिकवायला सर्जन लागत नाही, पण शिबिराच्या खर्चात त्यासाठी रक्कमच नसते.

चिकोडीचा शिक्षक :
वाचा-उपचार कुठल्या भाषेत? माझ्या वर्गातला एक मुलगा घरी फक्त मराठी बोलतो. त्याला सरावाला दिलेले शब्द कन्नड होते. त्याने ते पाठ केले, घरी एकही वापरला नाही. आम्ही 'पापा', 'पपई', 'बाबा' घेतलं. नाकाखाली छोटा आरसा धरायचा, वाफ धरली की हवा नाकातून निसटली हे त्यालाच दिसतं. कन्नड पोरांना कन्नड शब्द, मराठी पोरांना मराठी. यात भांडण्यासारखं काहीच नाही. बाहेरची टीम हे करू शकत नाही, इथलाच माणूस तयार करावा लागेल.

मिरज रोड :
मग निधी इथल्या रुग्णालयांनाच द्या. १९९९ मध्ये सुरू झालेली स्माइल ट्रेन ही संस्था तेच करते, स्थानिक सर्जनना पाठबळ देते. शिबिराचा खटाटोप कशाला?

आशाताई, निपाणी भाग :
अहो, मघाशी माझ्याशी सहमत होता! निधी रुग्णालयाला मिळाला तरी बाई रुग्णालयापर्यंत कशी पोचणार? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी त्या निधीतून देणार असाल तर शिबिर बंद करा, मी पहिली सही करते. तोवर नाही.

खानापूरवाला :
मजुरीचं मान्य, ते मिळालंच पाहिजे. पण 'तोवर नाही' मान्य नाही. येणाऱ्या टीमला आयोजकांनी आधीच विचारावं : भूल कोण शिकणार, टाके कोण बघणार, सहा महिन्यांनी टाळू कोण तपासणार? तिन्ही नावं इथल्या माणसांची हवीत. नसतील तर तारीख देऊ नका.

आशाताई, निपाणी भाग :
तारीख द्या, आणि नावंही त्याच दिवशी मागा. माझ्या यादीतलं बाळ आता चार महिन्यांचं आहे.