लोन-प्लॉटवाल्यांचे कॉल बंद करायचे, पण तूर खरेदीचा मेसेज चुकायला नको. उपाय सांगा

धुऱ्यावरचा:
घरी दोन फोन. बाबांचा साधा बटणाचा, तो वावरात असतो. दुसरा अँड्रॉइड, त्यात दोन सिम. पर्सनल लोन, नागपूरजवळचे प्लॉट, ‘तुमच्या शेतात टॉवर लावून देतो’ असे कॉल दिवसभर सुरू. नाफेडला तुरीची नोंदणी झाली आहे, माल कधी आणायचा तो मेसेज याच नंबरवर येईल. डीएनडी (जाहिरातीचे कॉल-मेसेज नको अशी नोंद) लावली तर तोही बंद होतो का? अन् डीएनडी करूनही कॉल येतातच म्हणतात, मग करायची काहून?

सालई:
नाही होत भाऊ. डीएनडीने फक्त जाहिरात थांबते. बँकेचे व्यवहार, ओटीपी, सरकारी मेसेज येतच राहतात. आता मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असते: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकार. पी दिसला की न वाचता पुसला तरी चालते.

लावायची अशी: इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहा, एक जागा सोडून शून्य, आणि १९०९ वर पाठवा. शून्याच्या ठिकाणी इंग्रजी ओ टाकला की काम अडते, बटणाच्या फोनवर हे हमखास होते. सगळेच बंद नको असेल तर बँक-विमा-कर्ज, जमीन-घरे असे प्रकार निवडूनही बंद करता येतात. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांनी १९०९ वर सरळ फोन लावावा, पैसे पडत नाहीत. प्रत्येक सिमसाठी वेगळी नोंद करावी लागते.

कापूसकोंड्या:
‘करूनही कॉल येतात’ याची कारणे दोन. पहिले, तुम्हीच दिलेली संमती. गाडीच्या शोरूममध्ये किंवा लोनच्या ॲपमध्ये खालची बारीक अक्षरे न वाचता टिक केली असेल, तर ती कंपनी डीएनडी असतानाही फोन करू शकते.

दुसरे, नोंदणीच नसलेले लोक. नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरचा जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतो. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे. प्लॉटवाला मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलतो, म्हणजे तो नियमाबाहेरच. त्याला डीएनडी अडवत नाही, तक्रार अडवते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा नंबरविरुद्ध तक्रारीला डीएनडीची अट नाही, मुदत तीनऐवजी सात दिवस झाली, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. म्हणून एकट्याने करू नका, गावात त्याच नंबरचा त्रास असलेल्या सगळ्यांनी करा.

तक्रारीचा मेसेजही १९०९ वरच: कॉल कशाचा होता ते थोडक्यात, स्वल्पविराम, त्याचा दहा आकडी नंबर, स्वल्पविराम, तारीख (दिवस/महिना/वर्षाचे शेवटचे दोन आकडे). नंबरापुढे शून्य किंवा +९१ लावू नका. ज्या सिमवर कॉल आला त्याच सिमवरून पाठवा. दोन सिमच्या फोनवर तक्रारी इथेच वाया जातात. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) डीएनडी ॲप असेल तर हे सगळे त्यात दोन टिचक्यांत होते.

टॉवरवाल्याला मात्र १९०९ पुरत नाही. तो फसवणूकवाला. टॉवरच्या नावाखाली ‘परवानगीची फी’, ‘अनामत’ आधी मागितली की समजा. त्याची नोंद संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत करा. पैसे गेलेच असतील तर चक्षू नाही, ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

धुऱ्यावरचा:
अँड्रॉइडवर ‘अनोळखी ब्लॉक करा’ दिसते. ते चालू करून टाकू का?

सालई:
त्याचा अर्थ वेगळा आहे. गूगलच्या फोन ॲपमध्ये ‘अननोन’ म्हणजे ज्याचा नंबरच दिसत नाही तो. यादीत सेव्ह नसलेला नव्हे. त्यामुळे प्लॉटवाला येतच राहील. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये कॉलर आयडी आणि स्पॅम उघडा, तिथे संशयित स्पॅम गाळण्याचे बटण चालू करा. गाळलेले कॉल नोंदीत दिसतात, संध्याकाळी एक नजर टाका.

फक्त सेव्ह नंबरचेच कॉल घ्यायचे, ही सोय बाबांच्या फोनवर असली तरी हंगामात लावू नका. खरेदी केंद्रावरचा माणूस, ग्रेडर, तलाठी, कोणाचाच नंबर आधी सेव्ह नसतो.

बंडी_बैल:
बाबांच्या फोनवर आपोआप चौकोन उघडून ‘ओके दाबा’ येते का? तो कॉल नाही, सिममधून येणारा फ्लॅश मेसेज. चुकून ओके दाबले की गाण्याची नाहीतर क्रिकेटची सेवा सुरू होते आणि बॅलन्स कटतो. मेनूत सिम टूलकिट शोधा, आत कंपनीची जी सेवा असेल तिथे स्टॉप करा. आधीच सुरू झालेली सेवा काढायला इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून १५५२२३ वर पाठवा.

कापूसकोंड्या:
एक राहिले. ‘*२१* लावून पुढे हा नंबर डायल करा’ असे कोणी सांगितले तर करू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा. सगळे कॉल वळवले आहेत का ते *#२१# ने कळते, सगळे वळवणे ##००२# ने रद्द होते. आणि व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने आलेली ‘एपीके’ (ॲप इन्स्टॉल करणारी) फाइल उघडू नका. उघडून इन्स्टॉल झालीच असेल तर आधी फ्लाइट मोड, मग ते ॲप काढा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० ला कळवा.

धुऱ्यावरचा:
हाव, बाबांच्या फोनमध्ये तो चौकोनच येतो. सिम टूलकिट ‘एक्स्ट्रा’ मध्ये सापडले. दोन्ही सिमवरून शून्य पाठवतो.