फोंड्यातली लिहिती मुलगी (1912 ते 1930): कादंबरीसाठी तपशील हवेत

पारिजात: नायिका अंत्रुज महालातल्या (म्हणजे फोंड्याकडच्या), देवळाशेजारच्या घरातली. 1912 साली 12 वर्षांची. शाळा नाही, भावाच्या पुस्तकांवरून बाळबोध (देवनागरी) वाचायला शिकलेली. तिला लिहावंसं वाटू लागतं तो भाग फारच गुळगुळीत झालाय: चांदणं, खिडकी, एकदम कविता. खरी सुरुवात कशातून दाखवू? शिवाय 1915 मध्ये पोर्तुगीज पोलीस तिच्या लिखाणाचं बाड जप्त करतात, हे पटेल का?

जुनं दफ्तर: जप्ती 1915 मध्ये नको. 5 ऑक्टोबर 1910 ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची धार्मिक बंधनं सुटली आणि गोव्यात मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं वाढली. सेन्सॉरचा फास आवळला तो 1926 च्या लष्करी उठावानंतर. म्हणजे बाई मोकळ्या काळात लिहायला लागते आणि तिचं छापून यायची वेळ येते तेव्हा दार लागतं. आयतं कथानक आहे, मोडू नका.

आणि एस्कुदो (पोर्तुगीज चलन) कुठे आला असेल तर काढा, तो 1958 नंतरचा. तेव्हा रुपिया चालायचा: 16 तांगांचा एक, तांगाचे 60 रेइस.

ओवीबद्ध: सुरुवात नकलेतून दाखवा. घरातल्या जीर्ण पोथीची प्रत करायचं काम तिच्याकडे द्या. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची: पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. शेकडो ओव्या उतरवल्या की तो साचा हातात बसतो. मग एके दुपारी ती आपली एक ओवी मध्येच घुसडते. वाचताना कुणाला कळत नाही, कारण घडण तीच. पकडली जाते आकड्यावरून! ओव्यांना क्रमांक असतात. पारायणाला बसलेल्या आजोबांच्या जुन्या पोथीत अध्याय 214 ला संपतो, हिच्या प्रतीत 215 ला. आजोबा रागावतात की ती ओवी पुन्हा वाचायला लावतात, ते तुम्ही ठरवा. मी दुसरं निवडेन, पण आईसमोर नव्हे.

पारिजात: वा! शाई कोणती? पावसाळ्यात लिहिते असं घेतलंय.

ओवीबद्ध: काजळी नि डिंकाची, घरीच घोटलेली. डिंक कमी पडला तर अक्षर चोळताच काळं हाताला लागतं, जास्त झाला तर टाकातून उतरत नाही. ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात, सोडवताना अक्षरं समोरच्या पानावर उमटतात. म्हणून बासन (कापडात बांधलेली पानं) फडताळात नको, चुलीवरच्या माळ्यावर ठेवा. धुरानं पानं पिवळी पडतील, पण वाळवी लागणार नाही.

कुळें फाटक: एक राहिलं. मुंबईची मासिकं पावसाळ्यात आगबोटीनं आणू नका, तेव्हा आगबोटी बंद असायच्या. मुरगावची रेल्वे 1888 पासून आहे. टपाल सरहद्दीवरच्या कॅसलरॉक स्थानकावरून येऊ द्या. त्या वेळच्या किमतींसाठी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळा, पण अग्रलेख सोडून जाहिराती वाचा. वह्या, टाक, चष्मे, औषधं यांच्या किमती तिथेच सापडतात.

जुनं दफ्तर: संवाद कोकणीत घेणार असाल तर आजी आणि नायिका यांच्यातच घ्या. पत्रं मात्र मराठीत. त्या घरांत बोलायचं कोकणीत नि लिहायचं मराठीत, असंच चालायचं.