अल्टो ८०० घाटात दम टाकते. घरच्या घरी काय करता येईल?

घाटकरी:
नमस्कार. माझी अल्टो ८०० ही २०१४ सालची गाडी असून आतापर्यंत ७८,००० किलोमीटर धावली आहे. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात पूर्वी ज्या वळणांवर ती तिसऱ्या गिअरमध्ये निभावून न्यायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतो, शिवाय सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरते. ओळखीच्या एका दुकानदाराने शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर आणि रुंद टायर सुचवले आहेत. माझ्यापाशी पाने, जॅक आणि रविवारची सकाळ एवढेच आहे. हा खर्च करावा, की आधी घरीच काही तपासावे?

पाना-पक्कड:
उघडा फिल्टर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉनेटखालची तापलेली, म्हणजेच विरळ हवा ओढून ७९६ सीसीच्या इंजिनात आवाज तेवढा वाढतो, ओढ वाढत नाही. त्यापेक्षा मूळ फिल्टरचा डबा उघडून पाहा आणि डब्यापासून निघणारी रबरी नळी सोडवून थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) तोंडात बॅटरी मारा. आतल्या चकतीच्या कडेला काळी, चिकट कड दिसली, तर तुमच्या थरथरीचे मूळ बहुधा तिथेच आहे. क्लीनर थेट आत न फवारता कापडावर घेऊन कड पुसावी. त्यानंतर पहिल्या काही किलोमीटरांत आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली झाले तर घाबरू नये.

स्पार्क प्लग इंजिन पूर्ण थंड असतानाच काढावेत, कारण ते ज्यात बसतात ते इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि गरम असताना जोर लावल्यास आटे जाण्याची भीती असते. काढलेले तिन्ही प्लग क्रमाने मांडा: फिकट तपकिरी टोक ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, आणि तेलकट काळे असेल तर पुढची गोष्ट घरची नव्हे. नवे प्लग आधी नुसत्या हाताने फिरवत बसवावेत.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. तेवढी तूट कोणत्याही सर्व्हिसिंगने भरून निघणार नाही.

जुना स्टेपनी:
टायरबद्दल थोडेसे. मूळ १४५/८० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर आणि रुंद १५५/६५ आर १३ चा सुमारे ५३२, त्यामुळे गिअरच्या ओढीत फरक जवळजवळ शून्य पडेल. पैसे मात्र रिमसकट जातील.

मला तर मागच्या ब्रेक ड्रमची शंका येते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने पहिला गिअर टाकलेला असला तरी हरकत नाही. चाक जड फिरत असेल, किंवा प्रवासानंतर एकच रिम जास्त तापत असेल, तर तो ब्रेक चिकटतो आहे. इंजिनाला दोष देण्याआधी हे एवढे पाहाच, मी स्वतः या चुकीपायी दोन महिने पेट्रोल जाळले आहे.

घाटकरी:
दोघांचेही आभार. फिल्टरच्या डब्यात उंदराने आणलेली शेंगांची टरफले निघाली, मूठभर तरी असतील. थ्रॉटलची कड पुसताना पांढरे फडके डांबरासारखे झाले. मागचे डावे चाक खरोखरच जड होते. हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहत होती, ती गॅरेजमध्ये बदलून घेतली. थरथर गेली आहे आणि काल पसरणी घाटात शेवटची दोन वळणे सोडता गाडी तिसऱ्यात चढली. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र बाकीच्या दोघांपेक्षा काळा निघाला आहे. काजळी कोरडी आहे, तेल नाही. नवे तीन प्लग आणले आहेत. ते घालून ५०० किलोमीटर झाले की पुन्हा काढून पाहीन आणि रंग इथे कळवीन.