ट्रान्सला ‘गुंगी’ म्हणावं का?

खडकवासला: एका दंतवैद्यांचं संमोहनाबद्दलचं पत्रक मराठीत करतोय. ‘ट्रान्स’ला, म्हणजे संमोहनातल्या मग्न अवस्थेला, ‘गुंगी’ लिहिलं. नारायण पेठेतल्या मावशीने वाचून विचारलं, “गुंगीचं औषध देणार, मग सोबत कुणी यायला हवं ना?” औषध तर नाहीच. ‘तंद्री’ लिहू?

कोथरूडकर: तंद्री लागली की डेक्कनचा स्टॉप हुकतो. उपचार वाटत नाही.

जुनी सिस्टर: मला तंद्रीच पटते. भाजलेल्या एका मुलीचं ड्रेसिंग करताना डॉक्टर तिला संमोहनात नेत. डोळे उघडे. आजोळच्या विहिरीच्या पायऱ्या मोजत होती, मी पट्टी सोडवत होते. पट्टी चिकटली की बोटं आखडायची, मोजणं मात्र चालूच. याला गुंगी म्हणू नका हो.

पाणिनीचा शेजारी: आधी ‘संमोहन’ तपासा. त्यातला संस्कृत धातू ‘मुह्’ म्हणजे भान हरपणं. गीतेत (2.63) क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिविभ्रम. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्राने कौरवांना निपचित पाडतो. रुग्णासाठी हा शब्द?

कोथरूडकर: रुळलेला शब्द का उपटायचा? मूळ इंग्रजी शब्द ‘हिप्नॉटिझम’, तोही फसवाच. ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरने 1843च्या पुस्तकात ग्रीक निद्रादेवाचं नाव चिकटवलं, पुढे ही झोप नव्हे हे उमगल्यावर ‘एकाच कल्पनेवर मन एकवटणं’ अशा अर्थाचा शब्द आणला. लोकांनी जुनाच ठेवला.

खडकवासला: मला ‘संमोहित करणे’ खटकतं. सगळी करामत करणाऱ्याची वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झनहॉफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1959 साली, माणूस किती संमोहित होतो हे मोजायला, 12 सूचनांची मोजपट्टी केली, तीत गुण मिळतात समोरच्या माणसाला. कुणी सगळ्या सूचनांना प्रतिसाद देतो, कुणी जेमतेम एकदोन.

पाणिनीचा शेजारी: मग ‘संमोहनक्षमता’. ‘वश्यता’ नको, वशीकरणाच्या जाहिराती आठवतात.

जुनी सिस्टर: आपल्याकडे ‘भूल’ होतीच की. क्लोरोफॉर्मच्या आधी, 1845 साली, हुगळीला एस्डेल नावाचे डॉक्टर मेस्मेरी पद्धतीने, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाने, गुंगवून मोठमोठ्या गाठी काढत.

कोथरूडकर: भूल आता भूलतज्ज्ञांची झाली. मावशी पुन्हा सोबत मागेल.

मुळशीचा: भूल डॉक्टरांची कशी? आमच्या रानात भूल पडते. ओळखीच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरतो. आजी सांगायची, चालू नको, तिथेच बस, फडक्यातली भाकरी खा, मग वाट दिसते.

पाणिनीचा शेजारी: तो चकवा. भूल वेगळी.

मुळशीचा: चकवा लागतो, भूल पडते. आमच्याकडे दोन्ही आहेत.