मदत हवी आहे: ॲनालायझरचा ३४० चा फिल्टर पावसाळ्यात खराब झालाय, परत कोटिंग करून मिळतं का?

नमस्कार मंडळी. मी धायरीत राहतो, छोट्या पॅथॉलॉजी लॅबमधली सेमी ऑटो ॲनालायझर मशिनं (रक्ताच्या नमुन्यातून ठरावीक रंगाचा प्रकाश पाठवून तपासणी करणारी) दुरुस्त करतो, बारा वर्षं झाली. इलेक्ट्रॉनिक्स येतं, पण काच आणि कोटिंग यातलं फारसं कळत नाही म्हणून इथे विचारतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुळशी तालुक्यात एक लॅब आहे, धो धो पावसाचा भाग. तिथल्या एका पेशंटची टीबीची औषधं चालू आहेत, त्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो म्हणून डॉक्टर मधूनमधून एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) करायला सांगतात. लॅबमध्ये ८१ आली, आणि त्याच सकाळचं तेच सॅम्पल पुण्यात पाठवलं तर ११२. लॅब चालवणाऱ्या ताईंनी घाबरून मला फोन केला. शुगर, कोलेस्टेरॉल बरोबर येतंय, कमी येतंय ते फक्त एसजीपीटी, एसजीओटी आणि युरिया, म्हणजे ३४० नॅनोमीटरवर (डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशावर) ज्या टेस्ट चालतात तेवढ्याच.

मी दिवा बदलला, फ्लोसेल (ज्यात नमुना भरून प्रकाश पाठवतात ती छोटी कुपी) धुतला, ३७ डिग्री तापमान बरोबर येतंय का ते वेगळ्या थर्मामीटरने बघितलं. मग वाटलं रिएजंट (टेस्टचं रसायन) जुनं असेल म्हणून नवी बाटली उघडायला लावली, तर आकडा वर जायच्या ऐवजी आणखी खाली, ७५! इथे माझं डोकंच चालेना, कारण नव्या रिएजंटने रिझल्ट सुधारायला पाहिजे ना.

शेवटी फिल्टरचं चाक उघडलं, म्हणजे दिव्याच्या प्रकाशातला हवा तेवढाच रंग पुढे सोडणाऱ्या काचा ज्यात असतात ते. ३४० चा फिल्टर बाहेर काढून खिडकीकडे धरला तर कडेने चंद्रकोरीसारखा पट्टा दिसतोय, डबक्यात रॉकेल सांडल्यावर जसे रंग दिसतात तसे, आणि मधे दोन-तीन ठिकाणी सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. बाकीचे फिल्टर, ५०५, ५४६ वगैरे, दिसायला ठीक आहेत.

विचारायचं असं की हे फिल्टर नक्की बनवतात कसे? भोसरीत चष्म्याच्या काचांना कोटिंग करणारे आहेत, त्यांच्याकडून हाच परत कोट करून मिळेल का? आणि नवीन मिळेपर्यंत मशीनमधला फॅक्टर (मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणून रिझल्ट निघतो तो) १७६८ चा २४५० करून ठेवला तर चालेल का, म्हणजे ८१ चे ११२ होतील. हे शेवटचं विचारताना मलाच बरं वाटत नाहीये पण लॅब बंद ठेवणं ताईंना परवडत नाही.

प्रतिसाद १

मी सहा वर्षं कोटिंग शॉपमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, परत कोटिंगचा विचार सोडून द्या. तुमचा फिल्टर म्हणजे एक काच नाहीच, कडेने बघा, दोन-तीन चकत्या इपॉक्सीने चिकटवलेल्या असतील आणि खरे थर आत सँडविचमध्ये आहेत. पट्टा दिसतोय ते त्या चिकटवलेल्या फटीतून आत शिरलेली ओल.

बनवतात ते असं. काच आधी अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायची, मग चेंबरमध्ये फिरत्या घुमटाला लावायची, हवा काढत काढत साधारण १० चा उणे ५ वा घात मिलिबार इतका व्हॅक्यूम आणायचा आणि खालच्या मुशीतला पदार्थ इलेक्ट्रॉन बीमने तापवून त्याची वाफ काचेवर बसवायची. एक थर जास्त अपवर्तनांकाचा, एक कमी, परत जास्त, परत कमी. प्रत्येक थर पाव तरंगलांबीचा, पण थराच्या आत तरंगलांबी आखूड होते, म्हणून ३४० साठी सिलिकाचा थर फक्त ५७ नॅनोमीटरच्या आसपास येतो. अशा थरांचे दोन आरसे समोरासमोर आणि मधे अर्ध्या तरंगलांबीचा एक थर, की त्यातून तेवढा एकच रंग पार होतो, बाकीचे परत फिरतात. सगळे थर १ टक्का जाड झाले तर पार होणाऱ्या प्रकाशाचा मध्य ३.४ नॅनोमीटर सरकतो, आणि तुमचा फिल्टर एकूण १० नॅनोमीटर रुंदीचाच प्रकाश पार सोडत असणार! म्हणून कोटिंग चालू असताना थरांतून प्रकाश पाठवून सतत मोजत बसावं लागतं. चष्म्यावाले थोडेच थर देतात, ते चमक कमी करायला, त्यांना एवढं काटेकोर लागत नाही.

३४० ला आणखी एक अडचण. नेहमीचा टायटॅनियम डायॉक्साइड तिथे स्वतःच प्रकाश खातो, सनस्क्रीनमध्ये घालतात ते त्यामुळेच. मग हाफ्नियम ऑक्साइड वापरावा लागतो, किंवा जुन्या पद्धतीत ॲल्युमिनियमचे पातळ थर आणि मधे क्रायोलाइट नावाचं खनिज. क्रायोलाइट मऊ आणि पाण्याला अगदी नाजूक.

आता ओल का शिरते, तर नुसत्या वाफेने बसलेला थर सलग नसतो, शेतातल्या उसासारखे उभे खांब असतात आणि मधल्या फटीत हवेतलं पाणी जाऊन बसतं, त्याने फिल्टरचा मध्य लाल बाजूला सरकतो. हल्ली थर बसत असताना वरून आयनचा मारा करतात, धुमसाने जमीन चोपावी तसा थर घट्ट होतो, किंवा स्पटरिंगने (आयनच्या माऱ्याने पदार्थाचे कण उडवून काचेवर बसवून) बनवतात. नवीन मागवताना हार्ड कोटेड आणि एकाच काचेवरचा, इपॉक्सी नसलेला मागा. मध्य ३४० अधिक-उणे २, रुंदी १० नॅनोमीटर, आणि १,१०० नॅनोमीटरपर्यंत ब्लॉकिंग ओडी ४, म्हणजे नको तो प्रकाश ०.०१ टक्क्याच्या वर नको. बसवताना आरशासारखी चकचकीत बाजू दिव्याकडे.

प्रतिसाद २

फॅक्टर वाढवू नका!! मी बायोकेमिस्ट्री शिकवते, तुमचं नव्या बाटलीचं कोडं यातच सुटतं. हॅलोजन दिवा ३४० ला अगदी मिणमिणता आणि लाल-इन्फ्रारेडला भरपूर, डिटेक्टरलाही लालच जास्त दिसतं. फिल्टरला भोक पडलं की तो लाल प्रकाश घुसतो आणि एनएडीएचने तो शोषलाच जात नाही. (एनएडीएच म्हणजे रिएजंटमधला ३४० चा प्रकाश शोषणारा पदार्थ, तो किती वेगाने कमी होतो त्यावरून मशीन रिझल्ट काढतं.) समजा २.५ टक्के गळती आहे. ॲबसॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचा आकडा) १.२ असेल तर खरा प्रकाश ६.३ टक्के, त्यात हे २.५ मिसळले की बदलाचा वेग खऱ्याच्या ७२ टक्केच दिसतो. ताज्या रिएजंटमध्ये एनएडीएच जास्त, ॲबसॉर्बन्स १.३, तिथे ६७ टक्के. म्हणजे बाटली जितकी ताजी तितका रिझल्ट खोटा, आणि जुनी होत जाईल तसा वेगळाच खोटा. कुठला एक फॅक्टर लावणार?

गळती मोजायला सोपी युक्ती आहे. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम सोडियम नायट्राइट विरघळवा, हे द्रावण ३४० जवळजवळ पूर्ण अडवतं आणि लाल पार जाऊ देतं. डिस्टिल्ड वॉटरवर झीरो करून हे वाचा. मशीन दाखवू शकेल तेवढा सगळ्यात मोठा आकडा यायला हवा, त्याच्या खाली जे येईल ती गळती. द्रावण विषारी आहे, बाटलीवर लेबल लावा, तोंडाने पिपेट करू नका, नंतर फ्लोसेल नीट धुवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज जाऊन नायट्राइट लावून बघितलं, १.६२ आलं, म्हणजे २.४ टक्के गळती, बायोकेमिस्ट्रीवाल्या ताई, तुमचा हिशोब जवळजवळ तसाच निघाला. फॅक्टरला हात लावला नाही. ३४० च्या टेस्ट बंद करून सॅम्पल पुण्याला पाठवायला सांगितलं आणि फिल्टर हार्ड कोटेडच मागवला.

धागाकर्ता, अकरा दिवसांनी

फिल्टर आला, बसवला. नायट्राइटला आता मशीन सरळ ओव्हर दाखवतं. कंट्रोल सीरम (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते) रेंजमध्ये, आणि पुण्यातली ९६ इथे ९४ आली. चाकाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवलीय आणि माझ्या सगळ्या लॅबना आता दर जूनच्या आधी आणि दिवाळीनंतर नायट्राइट लावायचं ठरवलंय. ४०५ चा फिल्टर उजेडात धरला तर त्यालाही कडेला नखाएवढा पट्टा सुरू झालाय, तोही बदलतोय.

लॅबच्या ताई मागच्या जूनपासूनचं रजिस्टर काढून बसल्यात. ज्यांची टीबीची औषधं चालू होती अशी नऊ नावं निघाली, प्रत्येकाला फोन करून परत रक्त द्यायला बोलावतायत, फुकट. सात जण येऊन गेले, दोघांचे फोन लागत नाहीत, त्यांच्या गावी उद्या आम्ही दोघं जाणार आहोत.